जुना आजार, नवा पत्ता

माझ्या थोरल्या जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवतात. एकोणतीस वर्षं झाली. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक आहे, त्यामुळे शिकायला येणारे त्यांना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. एकदा मला म्हणाल्या, “अगं, मला ब्रेकबाई म्हणतात म्हणजे त्यांचे हातपाय शाबूत आहेत. नाहीतर माझं नाव घ्यायला उरले असते का?”

त्यांचं ऑफिस म्हणजे आठ बाय दहाची खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलावर चौकाचं चित्र काढलेली फळी, आणि फळीवर सरकवायला खेळण्यातल्या सहा मोटारी. आधी कोण जाणार, कोण थांबणार, हे त्या मोटारी हातात देऊन विचारतात. आवाज कधी चढवत नाहीत. समोरून ट्रक येत असला तरी “जरा डावीकडे घेऊ या का आपण?” असंच म्हणतात.

मी धाकटी जाऊ, त्यांना वहिनी म्हणते. दोन गल्ल्या सोडून औषधांचं दुकान आहे, तिथे काउंटरला असते. माझं शिक्षणही त्यातलंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

चौदा वर्षांपूर्वी वहिनींना डाव्या स्तनात काहीतरी लागलं. गाठ म्हणावी अशी गाठ नव्हतीच ती, आतून जरा दडस, घट्टसं लागायचं, इतकंच. तपासलं तर कॅन्सर. स्तन काढला, पुढचे सगळे उपचार केले, केस गेले, परत आले. पाच वर्षं रोज एक गोळी. ती माझ्याच दुकानातून जायची. पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, “आता गोळी बंद. वर्षातून एकदा दाखवत जा.” वहिनींनी दोन वर्षं दाखवलं, मग सोडलं. आमच्या घरात त्या विषयावर पडदा पडला तो पडलाच. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, शिवणयंत्रं दुरुस्त करतात. मुळात बोलणं कमी. त्यांनी तर तो शब्द त्या पाच वर्षांतही कधी उच्चारला नव्हता. म्हणायचे, “तुझं ते.”

शिकवण्याचा परवाना दर वर्षी नवा करावा लागतो. त्याच्या फॉर्मवर एक रकाना आहे: पूर्वी कोणता गंभीर आजार झाला आहे काय? वहिनी त्यात दर वर्षी लिहायच्या, ‘नाही’. कुणी उगाच शंका काढू नये म्हणून. सुरुवातीला हात अडखळायचा म्हणे. मग सवय झाली.

अशी अकरा वर्षं गेली, आणि मग त्यांचं पोट बिघडलं.

बिघडलं म्हणजे काय, तर दोन घास खाल्ले की पोट भरायचं. एक दिवस संध्याकाळी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “पोट चिमणीचं झालंय माझं. काहीतरी दे.” मी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने परत आल्या, जरा जोरकस दिल्या. मग सिरप दिलं. दिवसभर गाडीत बसून काम, जेवायच्या वेळा धड नाहीत, वय सत्तावन्न. मला यात नवल वाटलं नाही. वजन उतरू लागलं तशी शिकायला येणारी मंडळी विचारायला लागली, “मॅडम, कोणतं डाएट करता?” वहिनी सांगायच्या, “तुम्ही गिअर टाकता ना, ते बघून माझी भूक मरते.”

पाचव्या महिन्यात मी त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे नाव, वय, पत्ता असा फॉर्म भरायचा होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांची पर्स सांभाळत होते. दुर्बीण पोटात घालून तपासणी झाली, आतला बारीकसा तुकडा काढून पाहिला. रिपोर्ट आला: किरकोळ सूज, कॅन्सर नाही. आम्ही दोघींनी हुश्श केलं, समोरच्या हॉटेलात चहा मागवला. वहिनींचा चहा अर्धा उरला.

पुढचे तीन महिने त्याच गोळ्या.

मग पाण्याच्या टाकीजवळचा चढ. एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी शिकायला यायचे. वहिनी त्यांना चढावर गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या आणि ते काही केल्या कडेच्या दगडावर चाक नेल्याशिवाय राहत नव्हते. मध्येच वहिनींनी आपल्या पायाचा ब्रेक दाबला, दार उघडलं आणि गटाराशी वाकल्या. सकाळपासूनचं, आदल्या रात्रीचंसुद्धा, सगळं जसंच्या तसं बाहेर पडलं. मुख्याध्यापक घाबरले, पण त्यांनी एक केलं. वहिनींना बसवलं, गाडी एका दमात सरळ मागे घेतली, वळवली आणि थेट माझ्या दुकानापुढे आणून उभी केली. खिडकीतून मला म्हणाले, “यांना गोळ्या देऊ नका. यांना मोठ्या दवाखान्यात न्या.” एका अनोळखी माणसाला जे दिसलं ते मला आठ महिने दिसलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात दुसऱ्यांदा दुर्बीण घातली. डॉक्टर हवा भरत होते, पण जठर फुगेना. चामड्याच्या पिशवीसारखं कडक झालं होतं. या वेळी त्यांनी खोलवरचे तुकडे काढले, आणि आठवड्याने आम्हाला बोलावून सांगितलं, “जठराचा कॅन्सर आहे. भिंतीत पसरलाय. ऑपरेशन करून जठर काढावं लागेल.”

दादा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, “सगळं?”

“सगळं.”

“मग ही जेवणार कशी?”

सर्जन समजावत होते. आतडं कसं वर जोडतात, थोडं थोडं खाता येतं, माणसं जगतात. दादांच्या कानांत त्यातलं काही शिरत नव्हतं. वहिनींनी मात्र वही काढली होती आणि त्या लिहून घेत होत्या, एखाद्या नव्या माणसाचे वर्ग ठरवावेत तशा. ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं, दादांनी संमतीच्या कागदावर सही केली. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “एकदा एक, एकदा दुसरं. माझ्या अंगात दोन-दोन कॅन्सर कशाला गं राहायला आले?” त्यांना तो दुसराच वाटला. मलाही. सगळ्यांनाच.

शुक्रवारी ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या होत्या. रक्त, एक्स-रे, शेवटी ईसीजी. ईसीजीची खोली म्हणजे जेमतेम एक पलंग आणि पडदा. ईसीजीवाल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी वायरी लावायला गाऊन बाजूला केला आणि हात तिथेच थांबला.

“हे केव्हाचं?”

“अकरा वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या.

“कशासाठी काढलं?”

“कॅन्सरच होता.”

बाईंनी वायरी खाली ठेवल्या, फाइल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग माझ्याकडे पाहिलं. “फाइलमध्ये हे कुठेच नाही.”

त्यांनी ईसीजी काढला, नीट काढला, आणि तो कागद घेऊन आम्हाला म्हणाल्या, “इथेच बसा. उठू नका.” स्वतः जिना चढून वर गेल्या. लिफ्टची वाट पाहिली नाही.

दहा मिनिटांत सर्जन खाली आले, हातात आमची फाइल. तोवर त्यांनी वहिनींचं पोट चारदा तपासलं होतं, स्कॅन पाहिला होता. गाऊन वर सरकवायची कुणाला गरजच पडली नव्हती. ते पलंगाच्या कडेवर बसले. एवढा मोठा माणूस असा मटकन बसताना मी पहिल्यांदा पाहिला.

“हा फॉर्म कुणी भरला?”

“मी,” वहिनी म्हणाल्या.

“‘पूर्वीचे गंभीर आजार: नाही’ असं लिहिलंय.”

“हो. सवयीने लिहिलं गेलं.” मग त्याच म्हणाल्या, “आणि ते संपलं होतं. संपलेलं कशाला लिहायचं असं वाटलं.”

सर्जन रागावले नाहीत. म्हणाले, “मीही विचारायला हवं होतं. सोमवारचं ऑपरेशन मी थांबवतोय. मला तुमचा अकरा वर्षांपूर्वीचा नमुना हवाय. जिथे ऑपरेशन झालं तिथे तो मेणात ठेवलेला असेल. तो आणा.”

ते गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, “वहिनी, तुम्ही पोटाच्या डॉक्टरांकडेही हेच लिहिलंत तेव्हा मी शेजारी होते. मी पाहिलं होतं.”

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “लिहायच्या आधी मी तुझ्याकडे पाहिलं होतं. तू मान हलवलीस.”

मी मान हलवली होती. हे मी साफ विसरले होते. आम्ही दोघींनी मिळून, एकमेकींच्या संगनमताने, चौथीतल्या पोरी करतात तसं खोटं लिहिलं होतं. दोघींनाही ते खोटं वाटलं नव्हतं.

जुन्या दवाखान्याच्या तळघरात मी शनिवारीच गेले. लोखंडी कपाटांच्या रांगा, वर्षांप्रमाणे चिठ्ठ्या. नोंदी सांभाळणाऱ्या माणसाने जाडजूड वही काढली, बोटाने ओळी मोजत खाली आला, नंबर पुटपुटला, आणि एका कपाटामागे दिसेनासा झाला. परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा ठोकळा होता. चॉकलेटच्या वडीएवढा. मध्ये पिवळट डाग. “सही करा,” म्हणाला. मी सही केली. ठोकळा पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये, दुकानाच्या किल्ल्यांशेजारी. बसमध्ये बसल्यावर मला एकदम समजलं की मी काय घेऊन चालले आहे. वहिनींच्या शरीराचा एक तुकडा मी मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेजारची बाई मला विचारत होती की बाजाराचा थांबा गेला का.

सहा दिवसांनी बोलावणं आलं, पण सर्जनकडे नाही. नमुने तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच आपल्या खोलीत बोलावलं होतं. वयस्कर बाई, केस पांढरे, टेबलावर काचपट्ट्यांचे ट्रे. वहिनी, दादा आणि मी, तिघे दाटीवाटीने बसलो.

“मी दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहिले,” त्या म्हणाल्या. “जुना छातीचा आणि आत्ताचा जठराचा. एकच आहेत. तुम्हाला जठराचा कॅन्सर नाही. हा छातीचाच आहे, तो जठरात आलाय.”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

दादा म्हणाले, “पण छाती तर काढली.”

“हो.”

“जे काढूनच टाकलं ते परत येईल कसं? येणार कुठून?”

“काढायच्या आधीच काही पेशी निघून गेल्या असतील. कुठेतरी गप्प बसल्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बसतात. छातीचा कॅन्सर पसरला तर बहुतेक हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जातो. हा वेगळा प्रकार आहे. हा गोळा करून बसत नाही, पेशी एकामागे एक जातात. क्वचित तो जठरात, आतड्यात जातो. दिसायला जठराच्याच कॅन्सरसारखा दिसतो. वरवरचा तुकडा घेतला तर सापडतसुद्धा नाही. आणि जुना आजार माहीत नसला तर...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आम्हा दोघींना ते पुरं ऐकू आलं.

वहिनी म्हणाल्या, “मला दाखवाल?”

“काय?”

“तेच. काचेखाली.”

डॉक्टरांनी क्षणभर पाहिलं आणि खुर्ची सोडली. वहिनी मायक्रोस्कोपवर वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मला वाटलं, रडताहेत की काय. मग डोळा न काढताच म्हणाल्या, “रांगेत आहेत की.”

“हो. म्हटलं ना मी.”

“ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही. म्हणून कळलं नाही कुणाला.”

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. दादा मात्र उठून दाराबाहेर गेले. मी मागोमाग गेले तर भिंतीला हात टेकून उभे होते. “सोमवारी तिचं जठर काढून टाकलं असतं,” म्हणाले. “विनाकारण. मी सही केली होती, ठाऊक आहे ना तुला? मी सही केली होती.” हेच वाक्य ते पुढे कितीतरी दिवस अधूनमधून म्हणत राहिले, यंत्र उघडून बसले असताना, हातात स्क्रू धरून.

ऑपरेशन रद्द झालं. आजार अंगात एका जागी नाही, त्यामुळे जठर काढून फायदा नव्हता. पेशींवर हार्मोनची खूण अजून होती, म्हणजे गोळ्यांना त्या दाद देतील अशी आशा होती. कॅन्सरच्या डॉक्टर वेगळ्या, तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी दोन औषधं सुरू केली, दर पंधरवड्याला रक्त तपासायला सांगितलं. “बरा होईल असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “ताब्यात ठेवता येईल. पुष्कळदा बराच काळ.”

गोळ्यांची पहिली पाकिटं मीच काढून दिली. वहिनी काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, “आता तरी बरोबर देतेस ना?” चेष्टाच होती ती. पण मी मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसले, आणि दहा मिनिटं गिऱ्हाईक तसंच उभं होतं.

वहिनींची लेक दुसऱ्या गावी नोकरीला असते. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, पहिल्या वेळी मी शाळेत होते. मला तुम्ही सांगितलं होतं की तू पडलीस आणि टाके घातलेत.” तेही आम्ही विसरलो होतो. किती जणांना काय काय सांगून ठेवलं होतं, त्याचा आता एकेक धागा निघत होता.

सातव्या आठवड्यात वहिनींनी एक आख्खं उकडलेलं अंडं आणि टोस्ट खाल्ला. खाऊन झाल्यावर बशीकडे बघत बसल्या. “राहिलं आत,” म्हणाल्या. दादांनी लगेच दुसरं अंडं सोलायला घेतलं, तेव्हा त्यांचा हात धरावा लागला.

मग त्यांनी असं काही केलं की मी हबकले. परवान्याच्या कचेरीत गेल्या आणि खिडकीवरच्या कारकुनाला म्हणाल्या, मागची अकरा वर्षं मी या रकान्यात चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त करायचं आहे. कारकुनाने आधी त्यांच्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. “बाई, हे कुणी विचारलेलं नाही तुम्हाला.” वहिनी म्हणाल्या, “तेच तर.” शिकवण्याचा परवाना पाच महिने अडकला. डॉक्टरांचे दाखले, तपासण्या, हेलपाटे. मी चिडले, म्हटलं, कशाला उकरून काढलंत. त्या म्हणाल्या, “पोरांना शिकवते ना मी, ठोकलीत तर पळू नका, थांबा, नंबर द्या. मग मीच पळून कसं चालेल?”

परवाना मिळाला. गाडी पुन्हा रस्त्यावर आली. आता दिवसाला आठऐवजी चार वर्ग घेतात, दर दोन तासांनी डब्यातलं थोडं थोडं खातात. मुख्याध्यापक तिसऱ्या परीक्षेत पास झाले.

या सगळ्याला आता तीन वर्षं होत आली. मागच्या महिन्यातला स्कॅन तितकासा चांगला नव्हता. जठर आहे तसंच आहे, पण आतड्याच्या एका वळणावर भिंत जाड दिसली. डॉक्टरांनी औषध बदललं. आम्ही उठणार इतक्यात दादांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही डॉक्टरला हे विचारलं नव्हतं.

“किती दिवस?”

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. “सुरुवातीला मी यांना दोन-तीन वर्षं सांगितली होती,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांची तीन होत आलीत. नवं औषध कसं लागू पडतं ते बघू. काहींना त्याने आणखी बरीच मिळतात, काहींना नाही. नेमका आकडा मला ठाऊक नाही.”

गाडी वहिनींनीच काढली. दादा पुढे बसले, मी मागे. मोठ्या चौकात लाल दिवा लागला आणि गाडी थांबली तेव्हा दादा समोर काचेकडे बघतच म्हणाले, “सुरुवातीला सांगितलं होतं? म्हणजे तुला तीन वर्षं माहीत आहे?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंच नाहीत,” वहिनी म्हणाल्या. रागाने नाही. खरंच तसं होतं म्हणून.

दादांचा चेहरा मला आरशात दिसत होता. आपल्याच घरात तीन वर्षं कुणीतरी तिसरं राहत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असा झाला होता. त्यांनी हात उचलला, गिअरवर असलेल्या वहिनींच्या हातावर ठेवला. दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वहिनींनी हात काढून घेतला नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “गिअर टाकायचाय मला.”

“टाक की,” दादा म्हणाले, आणि हात तसाच ठेवला.